हळू पळालेला चोर

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत एक मोठं तळं होतं, तळ्याला मातीचा बांध होता, आणि बांधाखालच्या उतारावर एक गाव होतं. गाव ख्रिस्ती लोकांचं. मधोमध दगडी चर्च, भोवती कौलारू घरं, आणि गावापलीकडे एक उंच टेकडी. टेकडीवर झाड नव्हतं, म्हणून तिला बोडकी टेकडी म्हणत. लोक मेहनती होते, रविवार पाळत होते, आणि आपण चांगली माणसं आहोत याची त्यांना खात्री होती.

गावाला लाज वाटावी अशी एकच गोष्ट होती. गावात एक चोर होता.

त्याचं नाव नथनेल. आईने बाप्तिस्म्याच्या वेळी मोठ्या हौसेने ठेवलेलं. पण गाव त्याला नथू म्हणे, आणि म्हणताना आपापल्या कोंबड्या मोजे. नथू कोंबड्या चोरायचा, वाळत घातलेली धोतरं चोरायचा, ओट्यावर विसरलेले गडवे चोरायचा. तो पळायला लागला की त्याच्यामागची धूळसुद्धा उशिरा उठे. पळताना त्याला कुणी कधी पकडलं नव्हतं. तो सापडायचा तो झोपेत, पोट भरल्यावर.

नुसता चोर असता तर एक वेळ चाललं असतं, पण नथू खोटारडाही होता. एकदा भर दुपारी तो “बिबट्या आला, बिबट्या आला” असं ओरडत गल्लीगल्लीतून धावला. लोकांनी घाबरून दारं लावून घेतली. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा बिबट्या नव्हता, आणि अंगणातल्या कोंबड्याही नव्हत्या. तेव्हापासून नथूने “आज ऊन आहे” म्हटलं तरी लोक आधी वर बघत.

शेवटी तो परगावी पकडला गेला आणि संस्थानच्या तुरुंगात गेला. तो आत असताना इकडे त्याची आई वारली. सुटून आला तेव्हा घराला कुलूप होतं. तो तसाच पाळकबाबांकडे गेला. पाळकबाबा म्हणजे चर्चचे धर्मगुरू. मवाळ, हळू बोलणारे, कुणाला न दुखावणारे.

“पाळकबाबा, मला प्रभुभोजनाला बसायचंय,” नथू म्हणाला.

प्रभुभोजन म्हणजे सगळ्यांनी मिळून एक भाकर मोडून खायची आणि एकाच प्याल्यातून द्राक्षरस प्यायचा. त्या पंगतीत जो बसतो तो देवाच्या घरचा. ख्रिस्ती माणसाला यापेक्षा मोठा मान नाही. नथू लहानपणापासून ती पंगत दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून बघत आला होता. त्याची आई दर वेळी मागे वळून त्याच्याकडे बघायची आणि मग पुढे जायची. आता मागे वळून बघणारं कुणी उरलं नव्हतं.

पाळकबाबांना वाटलं, लगेच हो म्हणावं. पण त्यांनी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांच्या, पंचांना विचारायचं ठरवलं. पंचांमध्ये सगळ्यांत मोठे होते आमोसराव. पेरूच्या बागेचे मालक, करारी, शब्दाचे पक्के. त्यांनी आयुष्यात कुणाची काडी उचलली नव्हती आणि कुणाची चूक माफ केली नव्हती.

“एक वर्ष,” आमोसराव म्हणाले. “पुढच्या कापणीच्या सणापर्यंत हात स्वच्छ ठेव. मग बघू.”

“ठेवतो,” नथू म्हणाला.

ते वर्ष अगदी सरळ गेलं असं काही म्हणता येणार नाही. नथू रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागला. हाताला फोड आले, पाठ धरली, पण तो रोज जायचा. एके दिवशी मात्र त्याचा हात गेलाच. दीनाबाई नावाच्या विधवेच्या परसातून त्याने कोंबडी उचलली. थोड्या वेळाने तो काखेत तीच कोंबडी घेऊन दीनाबाईच्या दारात उभा राहिला. कोंबडी जिवंत होती आणि चिडलेली होती.

“दीनामावशी, ही घ्या. चोरली होती.”

“मग परत कशाला आणलीस, मेल्या?”

“मान धरली, पण पिरगळवेना.”

दीनाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, “आत ये. कालवण आहे. जेवून जा.”

तिने ही गोष्ट पंचांना सांगितली नाही.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला. पिकं चांगली आली आणि तळं काठोकाठ भरलं. कापणीचा सण रविवारी होता. आदल्या आठवड्यात दीनाबाईने नथूला एक पांढरा सदरा शिवून दिला. प्रभुभोजनाला पहिल्यांदा बसणारा माणूस पांढरं घालतो, अशी त्या गावची रीत.

सणाच्या सकाळी नथू लवकर उठला आणि आंघोळीला तळ्यावर गेला. आंघोळ करून, नवा सदरा घालून तो बांधाच्या पायथ्याच्या वाटेने परत निघाला आणि थबकला. बांधाच्या पोटातून पाणी येत होतं. नितळ नव्हे, गढूळ. मातीत हात जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा त्याच्या डोळ्यांदेखत गळून पडत होत्या.

त्याने दगड भरले. दगड बाहेर फेकले गेले. त्याने चिखल लिंपला, झुडपं उपटून कोंबली, शेवटी छाती लावून उभा राहिला. भोक त्याच्या छातीपेक्षा मोठं झालं. मग त्याच्या लक्षात आलं की हा बांध राहत नाही. तो वळला आणि गावाकडे धावत सुटला.

गाव सगळं चर्चमध्ये होतं. तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, सणाच्या कपड्यांत. वेदीपाशी कणसं, भोपळे आणि पेरू रचले होते. नथू आत शिरला तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला होता.

“बांध फुटतोय,” तो म्हणाला. “सगळ्यांनी टेकडीवर चला. आत्ता. वेळ नाही.”

गाणं थांबलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. आमोसराव पहिल्या बाकावरून उठले.

“सगळ्यांनी टेकडीवर जायचं,” ते म्हणाले. “घरं उघडी टाकून. आणि खाली कोण राहणार? तू?”

“मी पुढे चालतो. मला बांधून न्या हवं तर. पण चला.”

“बिबट्याच्या वेळी पण असाच धापा टाकत आला होतास.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. नथू पाळकबाबांकडे वळला.

“पाळकबाबा, तुम्ही तरी ऐका.”

पाळकबाबा वेदीपाशी उभे होते. “नथू, खरं सांगतोस का?” त्यांनी विचारलं.

“खरं सांगतो.”

पाळकबाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग आमोसरावांकडे बघितलं. मग ते हळूच म्हणाले, “प्रार्थना झाली की दोघा जणांना बघायला पाठवू.”

“तोवर बघायला काही राहणार नाही,” नथू म्हणाला.

आमोसरावांनी खूण केली. दोन दांडग्या माणसांनी नथूला दंडाला धरून बाहेर नेलं आणि पायऱ्यांवर सोडलं. आत गाणं परत सुरू झालं.

नथू पायरीवर उभा राहिला. गावातल्या ज्या कुणा माणसाचं लोकांनी ऐकलं असतं, असा कुणीच आज बांधावर गेला नव्हता. गेला होता तो नथू. आणि नथूबद्दल गावाला एकाच गोष्टीची पक्की खात्री होती, ती म्हणजे हा चोर आहे.

उघड्या दारातून त्याला वेदीवरचा चांदीचा प्याला दिसत होता. चर्च बांधलं तेव्हा गावात चांदी नव्हती. गावातल्या बायकांनी आपल्या पायातली जोडवी काढून दिली आणि ती वितळवून हा प्याला केला. त्या बायका आता नव्हत्या, पण त्यांच्या लेकी-सुना तो प्याला स्वतःच्या हाताने घासत. गावात त्याच्याएवढं मोलाचं दुसरं काही नव्हतं. आणि आज नथू पहिल्यांदाच त्यातून पिणार होता.

नथूला राग आला. गावाचा आलाच, पण त्याहून जास्त देवाचा आला.

“देवा,” तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, “वर्षभर तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली. खडी फोडली, उपाशी झोपलो, पण मागणं बदललं नाही. आणि आज, अगदी आजच, तू मला हे करायला सांगतोस? तुझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं का?”

उत्तर आलं नाही. पायऱ्यांच्या शेजारच्या, तळ्याकडून येणाऱ्या पाटातून पाणी वाहत होतं, ते मात्र गढूळ झालं होतं.

“बरं,” नथू म्हणाला. “चोर तर चोर.”

तो आत घुसला. बाकांच्या मधल्या वाटेने सरळ वेदीपाशी गेला, पाळकबाबांच्या डोळ्यांसमोरून प्याला उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा डोक्यावर धरला.

“हा मी नेतो,” तो म्हणाला. “तुमच्या आज्यांची जोडवी आता माझी. टेकडीवर नेऊन दगडाने ठेचतो आणि पलीकडच्या दरीत फेकतो. धमक असेल त्याने अडवून दाखवा.”

आणि तो पळाला.

 मग चर्च उसळलं. पुरुष काठ्या घेऊन धावले. पण बायका त्यांच्याही पुढे होत्या. लुगडी खोचून, कडेवरची पोरं तशीच घेऊन त्या धावत होत्या, कारण ती जोडवी त्यांच्या आज्यांची होती. मोठी पोरं गंमत बघायला धावली. आमोसराव पागोटं सावरत, धापा टाकत, रागाने लाल होऊन धावले. चोर पुढे आणि गाव मागे, अशी सगळी वरात पेरूच्या बागेतून बोडक्या टेकडीच्या वाटेला लागली.

नथू वळणावर थांबायचा, प्याला उन्हात चमकवायचा आणि खाली ओरडायचा, “एवढंच पळता येतं का?” लोक आणखी चिडायचे आणि आणखी जोरात चढायचे.

दीनाबाईसुद्धा धावत होती. तिच्या मनाला सगळ्यांपेक्षा जास्त लागलं होतं, कारण कालवण तिने वाढलं होतं आणि सदरा तिने शिवला होता. पण अर्ध्या चढावर ती एकदम थांबली.

“थांबा रे,” ती शेजारच्या तरण्या पोरांना म्हणाली. “हा नथू नाही.”

“म्हणजे काय, मावशी?”

“नथू असा पळत नाही. त्याला पळायचं असतं तर तो केव्हाच डोंगरापलीकडे गेला असता. तो हळू पळतोय. आपण मागे पडू नये म्हणून थांबतोय. तो आपल्याला वर नेतोय.” आणि तिने बांधाकडे बघितलं. इतक्या उंचीवरून तो नीट दिसत होता. हिरव्या बांधाच्या मधोमध एक लांबच लांब तपकिरी चीर पडली होती.

“चर्चमध्ये कोण राहिलंय?” तिने विचारलं.

म्हातारे राहिले होते. एक आंधळी आजी राहिली होती, एक ओली बाळंतीण राहिली होती, आणि त्यांना धीर देत पाळकबाबा राहिले होते.

दीनाबाई आल्या पावली उलटी धावली. तिच्याबरोबर ती पोरंही धावली. चर्चच्या दारातूनच ती म्हणाली, “पाळकबाबा, उठा. तो खरं बोलत होता.” पाळकबाबांनी एक शब्दही विचारला नाही. त्यांनी आंधळ्या आजीला पाठीवर घेतलं. पोरांनी म्हाताऱ्यांना खांद्यावर टाकलं. दीनाबाईने बाळ उराशी धरलं आणि बाळंतिणीला हाताने ओढत टेकडी चढायला लागली.

तिकडे माथ्यावर लोकांनी नथूला गाठलं होतं. खरं म्हणजे तोच थांबला होता. तो बसला, प्याला पोटाशी धरला आणि अंग आखडून घेतलं. काठ्या पडू लागल्या. एक रट्टा तोंडावर बसला, त्याचा दात पडला आणि ओठ फाटला. तो हात उचलत नव्हता. फक्त म्हणत होता, “वर या. अजून वर या. खालच्यांना वर घ्या.” लोकांना वाटलं, याला वेड लागलं.

आमोसरावांनी काठी उगारली. त्याच वेळी आवाज आला.

सगळ्या गावातली दळणाची जाती एकदम फिरावीत तसा तो आवाज होता. बांध मधोमध फाटला आणि तळं खाली आलं. आधी उतारावरची झाडं आडवी झाली, मग घरांची कौलं दिसेनाशी झाली, मग चर्चच्या भिंतींवरून तपकिरी पाणी गेलं. टेकडीच्या वाटेवर शेवटी होती दीनाबाई. पाणी तिच्या घोट्याला लागलं आणि तेवढ्यावर थांबलं.

 मग लोकांनी एकमेकांना हाका मारायला सुरुवात केली. नाव घेऊन, एकेक घर करून. प्रत्येक हाकेला ओ आली. गुरं गेली, घरं गेली, वर्षाचं धान्य गेलं. पण प्रत्येक हाकेला ओ आली.

उगारलेली काठी आमोसरावांच्या हातात तशीच होती. ती त्यांनी खाली घेतली.

दुपार कलली. लोक खडकांवर बसून खाली बघत होते. पाळकबाबा म्हणाले, “आज सण आहे. इथेच प्रार्थना करू, आणि पंगतही इथेच होऊ दे.”

आमोसराव उभे राहिले. करारी माणूस एका दिवसात बदलत नसतो.

“देवाने वाचवलं, त्याचे उपकार,” ते म्हणाले. “पण शब्द म्हणजे शब्द. वर्षभर चोरी करायची नाही असं ठरलं होतं. आज या माणसाने चोरी केली, तीही वेदीवरून. देव काठीच्या आधारानेही माणसाला वाट दाखवतो. म्हणून काठीला कुणी पंगतीला बसवत नाही.”

काही माना हलल्या. लोक दमले होते, भेदरले होते, आणि आमोसरावांचं ऐकायची जुनी सवय होती.

“आमोसराव बरोबर बोलतायत,” नथू फाटक्या ओठाने म्हणाला. “आणि चोरी एकच नाही झाली.” त्याने खिशातून दोन पेरू काढून खडकावर ठेवले. “तुमच्या बागेतून पळताना हात गेला. काय करू, जातो.”

एक बाई हसली. हसता हसता तिला रडू फुटलं.

“बघा,” आमोसराव म्हणाले.

तेव्हा पाळकबाबा पुढे आले. त्यांचा झगा चिखलाने भरला होता. गावाने त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. आजही तो चढला नाही. पण तो थरथरतही नव्हता.

“आमोसराव, मी आयुष्यभर तुमच्याशी वाद टाळला. आज टाळणार नाही. सकाळी मी याला विचारलं, खरं सांगतोस का? हा हो म्हणाला, आणि मला पटलं होतं. तरी मी म्हटलं, प्रार्थना झाल्यावर बघू. का म्हटलं? तुम्ही रागवाल म्हणून. हा चोर आहे, मी भित्रा आहे. माझ्या भित्रेपणाने आज सगळं गाव बुडालं असतं. तरी तुम्ही मला पंगतीला बसवता. नुसतं बसवत नाही, वाढायला लावता.”

पाळकबाबा नथूच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“प्रभूने पहिले सोबती निवडले तेव्हा कुणाला वर्षभर तपासलं होतं? त्यांतल्या एकाने तर प्रभूला पकडून नेलं तेव्हा शपथ घेऊन सांगितलं, मी याला ओळखत नाही. त्याच्याच हाती पुढे मंडळी सोपवली. आणि तुम्ही म्हणता, देवाने काठी वापरली. नाही. काठीला कुणी विचारत नाही. याला विचारलं गेलं. हो म्हटलं तर आपलं उरलंसुरलं नाव जाणार, मार बसणार, आणि ज्या पंगतीसाठी वर्ष काढलं ती पंगत जाणार, हे याला माहीत होतं. तरी हा हो म्हणाला. आपल्यातल्या कुणाला देवाने आज एवढं विचारलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, ते मला माहीत आहे. मी काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंतच.”

त्यांनी नथूच्या हातून प्याला घेतला.

“पंगत होईल. हा माझ्या शेजारी बसेल. ज्याला मान्य नसेल त्याने खाली जावं.”

खाली पाणी होतं. कुणी गेलं नाही.

दीनाबाईच्या पदराला बांधलेली अर्धी भाकरी होती. द्राक्षरस नव्हता, म्हणून खडकाच्या खळग्यात साठलेलं पावसाचं पाणी घेतलं. नथू प्यायला तेव्हा त्याच्या ओठाचं रक्त प्याल्याच्या काठाला लागलं. पुढची पाळी दीनाबाईची होती. तिच्या हातात पदर होता, पण तिने काठ पुसला नाही. तशीच प्यायली.

आमोसराव मात्र दूर एका खडकावर पाठ करून बसले होते. त्यांच्यापर्यंत प्याला गेला, पण त्यांनी हात पुढे केला नाही. कुणी त्यांना आग्रहही केला नाही.

पुढे गावाने टेकडीच्या उतारावर नवी घरं बांधली. बांधही नवा झाला, दगडाचा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम नथूकडे आलं. नथू साधू झाला नाही. पेरूच्या दिवसांत त्याचे खिसे फुगलेले असत. एकदा त्याने कुणाचं तरी घोंगडं लांबवलं आणि दोन दिवसांनी कबूल केलं. दीनाबाई त्याला शिव्या द्यायची आणि जेवायला वाढायची. आमोसराव त्याच्याशी बोलत नसत. पण बागेला कुंपण घालायचं ठरलं होतं, ते त्यांनी काही घातलं नाही.

काही वर्षांनी नवं चर्च बांधून झालं. त्याच्या उद्घाटनाला शहरातून एक मोठे धर्मगुरू आले. भारदस्त माणूस, गोड वाणी. त्यांना कुणीतरी पुराची हकिगत सांगितली होती. उपदेशात ते म्हणाले, “आणि त्या भयंकर दिवशी, बंधूंनो आणि भगिनींनो, देवाने तुमच्यासाठी एका सज्जन, प्रामाणिक माणसाला पाठवलं.”

नथू खाली मान घालून आपल्या पायांकडे बघू लागला. गाव अवघडलं, पण पाहुण्याला मध्येच कोण अडवणार?

पहिल्या बाकावरून आमोसराव उठले. ते आता म्हातारे झाले होते. उठायला त्यांना वेळ लागला.

“साहेब, थांबा,” ते म्हणाले. “तसं झालं नव्हतं. सज्जन माणसं त्या दिवशी सगळी आत बसून गात होती. मीही असाच पहिल्या बाकावर होतो. देवाने चोर पाठवला होता.”

धर्मगुरू गोंधळले. “मला वाटलं, देवाच्या घरात असं बोलणं बरं दिसणार नाही.”

“बरं दिसायचंच नाही,” आमोसराव म्हणाले. “तुम्ही त्याला सज्जन करून टाकलंत तर उद्या गावातल्या एखाद्या वाया गेलेल्या पोराला वाटेल, देवाला आपला काही उपयोग नाही. आणि माझ्यासारख्याला वाटेल, देव फक्त आपल्याच दारावर येतो. मला तसं वाटत होतं, साहेब. त्याच दिवशी मी या माणसाच्या डोक्यात काठी घालणार होतो.” त्यांनी मागे बसलेल्या नथूकडे बोट केलं. “आमच्या पोराबाळांना हे जसं झालं तसंच कळलं पाहिजे. चोर म्हणा.”

धर्मगुरूंनी मागे नथूकडे बघितलं. “तुमची हरकत नाही?”

“चोरच बरोबर आहे, साहेब,” नथू म्हणाला.

आमोसराव अजून उभेच होते. मोठे धर्मगुरू घसा साफ करून पुन्हा म्हणाले, “आणि त्या दिवशी देवाने तुमच्यासाठी एक चोर पाठवला.”

“आमेन,” आमोसराव म्हणाले, आणि मग सगळं गाव म्हणालं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: स्वच्छ हात सापडेपर्यंत देव थांबत नाही, जो हात पुढे येतो तोच तो धरतो. तो हात कुणाचा असावा, हे ठरवायला त्याने आपल्याला पंच नेमलेलं नाही.